किनोसाकी ओन्सेन: आईच्या हातावर गोंदण आहे, आत घेतील का?

मोगरा_पुणे

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या मध्यावर जपानला निघालोय. मी, नवरा आणि माझी आई. तोक्यो, क्योतो, हिरोशिमा हे नेहमीचं आहेच, पण मध्ये दोन रात्री एखाद्या जुन्या गरम झऱ्यांच्या गावात काढायच्या आहेत. क्योतोहून जाण्यासारखं म्हणून किनोसाकीचं नाव दोघातिघांनी सुचवलं.

आई ६९ वर्षांची आहे. गुडघे कुरकुरतात, बाकी ठणठणीत. लहानपणी दरवर्षी वज्रेश्वरीच्या दर्शनाला जायची आणि अकलोलीच्या कुंडात मनसोक्त शेकून यायची. तेव्हापासून गरम पाण्याचा झरा म्हटलं की तिची कळी खुलते. पण तिच्या दोन्ही हातांवर गोंदण आहे. डाव्या हातावर तुळशीवृंदावन, उजव्यावर नाव आणि कपाळावर टिकली. जपानमध्ये टॅटू असलेल्यांना स्नानगृहात घेत नाहीत असं जिथेतिथे वाचलं आणि धस्स झालं. एवढ्या लांब नेऊन तिला दारातून परत फिरवलं तर?

दुसरी गोष्ट स्पष्टच विचारते. सगळ्या बायकांमध्ये पूर्ण कपडे काढून उतरायचं हे खरं का? आईचं सोडा, माझीच हिंमत होत नाहीये. शिवाय आई शाकाहारी. नवरा मात्र खेकड्याचं नाव ऐकल्यापासून दिवस मोजतोय.

चकलीभाजणी

आधी आईंना सांगा की त्यांच्या हातावर टॅटू आहे. त्यांना आत्तापर्यंत माहीतच नसेल. (हलके घ्या.) धाग्यावर लक्ष ठेवून आहे, आम्हालाही जायचंय.

ओसाकाची_सून

मोगरा, निर्धास्त या. किनोसाकीची सातही सार्वजनिक स्नानगृहं गोंदवलेल्या माणसांना आत घेतात. हीच त्या गावाची मोठी सोय. तुमच्या र्योकानमध्ये, म्हणजे जपानी पद्धतीच्या मुक्कामाच्या घरात, स्वतःचा हौद असेल तर तिथला नियम वेगळा असू शकतो. तेवढं बुकिंग करताना विचारा.

मी नऊ वर्षं ओसाकात आहे आणि किनोसाकीला चारदा गेले. त्यातली एक खेप कराडहून आलेल्या सासूबाईंना घेऊन, त्यामुळे तुमची धाकधूक पुरती ओळखीची आहे.

आधी गाव कसं आहे ते सांगते, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. तिथली माणसं म्हणतात की सगळं गाव मिळून एकच र्योकान आहे. मी सासूबाईंना ते वाड्यावरून समजावलं. स्टेशन म्हणजे दिंडी दरवाजा, रस्ते म्हणजे ओसरी, र्योकान म्हणजे माजघरातल्या खोल्या आणि सात स्नानगृहं म्हणजे सात न्हाणीघरं. न्हाणीघर खोलीत नसतं, ओसरीवरून चालत जायचं असतं. मध्ये ओतानी नावाची चिमुकली नदी, दोन्ही काठांना झुकलेले वाळुंज, त्यावर कमानदार दगडी पूल. स्टेशनापासून शेवटच्या स्नानगृहापर्यंत रमतगमत वीस-पंचवीस मिनिटं लागतात.

र्योकानमध्ये शिरलात की तुमचे कपडे जवळजवळ जप्तच होतात म्हणा ना. युकाता (म्हणजे किमोनोसारखा सुती अंगरखा) मिळतो, थंडीत त्यावर जाड डगला, पायात गेता (म्हणजे तळाखाली दोन आडव्या पट्ट्या असलेल्या खडावा), हातात छोटी टोपली आणि गळ्यात किंवा खिशात पास. तो पास दाखवून सातही ठिकाणी कितीही वेळा जा, मुक्कामाच्या पाहुण्यांना पैसे पडत नाहीत. युकाता घालताना डावी बाजू वर आली पाहिजे. उलटा फक्त प्रेताला नेसवतात. मी पहिल्या खेपेला उलटा घालून जिना उतरले, तर मालकीणबाई धावत येऊन माझा पट्टा सोडू लागल्या. मला वाटलं हिला झालंय तरी काय.

आता कपड्यांचं. हो, पूर्ण काढायचे. पोहण्याचा पोशाखसुद्धा चालत नाही. पुरुषांचा आणि बायकांचा विभाग वेगळा असतो, दारावरच्या पडद्यावर पुरुषांसाठी 男 आणि बायकांसाठी 女 लिहिलेलं असतं. ही दोन चित्रं नवऱ्याकडून पाठ करून घ्या, रंगावर विसंबू नका. हातात पंचापेक्षा लहान टॉवेल असतो. चालताना तो समोर धरायचा, पाण्यात मात्र बुडवायचा नाही. घडी करून डोक्यावर ठेवतात.

सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, "तू जाऊन ये, मी बाहेर बाकावर बसते." मी काही आग्रह केला नाही. फक्त म्हटलं, आत येऊन बघा, नाही पटलं तर परत फिरा. आत आल्या. भिंतीलगत नळ, समोर बुटकी स्टुलं, प्रत्येकापाशी एक पसरट बादली. बायका बसून अंग घासतायत, बादलीने पाणी घेतायत. सासूबाई दोन मिनिटं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, ही तर आपली न्हाणी! पाट आहे, घंगाळ आहे, तांब्या तेवढा नाही."

पुढे मला काही सांगावंच लागलं नाही. हौदात उतरण्याआधी अंग स्वच्छ धुवायचं, साबणाचा कण राहू द्यायचा नाही, बसून धुवायचं, शेजारणीवर शिंतोडे उडवायचे नाहीत, उठताना आपली जागा पाण्याने साफ करायची. शॉवरखाली वाढलेल्या परदेशी पोरींना हे शिकवायला भिंतीवर चित्रं लावलेली असतात. आमच्या सासूबाईंना ते कराडच्या वाड्यात आजेसासूने शिकवलं होतं. आपण म्हणतो आपल्याला जमणार नाही, पण ऐंशी टक्के विधी आपलाच आहे. लाजेचा भाग तेवढा राहतो, आणि तो वाफेत पहिल्या पाच मिनिटांत विरतो. कुणी कुणाकडे बघत नाही. खरंच नाही.

काळाकातळ

ओसाकाची सून, झकास लिहिलंयत. मी थोडं जमिनीखालचं जोडतो, कारण किनोसाकीला जाऊन गेन्बुदो ही गुहा न बघता परत येणारे भेटले की माझा जीव तुटतो.

गावापासून साधारण पाच किलोमीटरवर मारुयामा नदीकाठी बेसॉल्टच्या (म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाच्या) स्तंभांचा कडा आहे. पाचकोनी-सहाकोनी खांब, कुणी रचून ठेवल्यासारखे. सुमारे १६ लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना आकसला आणि तडकला. आपल्याकडे अंधेरीची गिल्बर्ट टेकडी अशीच, फक्त ती साडेसहा कोटी वर्षांची. जपानी भाषेत बेसॉल्टला 'गेन्बुगान' म्हणतात, तो शब्दच या गुहेवरून १८८४ मध्ये आला.

पण खरी गंमत पुढे आहे. १९२६ मध्ये मोतोनोरी मात्सुयामा या भूभौतिकशास्त्रज्ञांनी इथल्या दगडाचं चुंबकत्व तपासलं तर ते आजच्या उलट निघालं. होकायंत्राची उत्तर टोकाची सुई दक्षिणेकडे रोखावी तसं. त्यांनी आणखी ठिकाणचे दगड तपासले आणि १९२९ मध्ये मांडलं की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र पूर्वी उलटं होतं. तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही. आज सुमारे २६ लाख ते पावणेआठ लाख वर्षांपूर्वीच्या त्या कालखंडाला त्यांचंच नाव आहे. सह्याद्रीच्या दगडांतही असे उलटे थर आहेत. तर बेसॉल्टवर वाढलेल्या मराठी माणसाने तिथे जाऊन एकदा हात टेकवून यावा.

गेन्बुदो नावाचं रेल्वे स्टेशन आहे पण ते नदीच्या पलीकडच्या काठावर. तिथे उतरून लोक फसतात. किनोसाकीहून टॅक्सी किंवा भाड्याची सायकल घ्या.

दापोलीकर

पाच किमी सायकल, ६९ वर्षांच्या आईंना घेऊन? :)

एक शंका. आमच्या उन्हवऱ्याला पाणी एवढं कढत की थेट हात घालवत नाही, आणि कोकणात तर ज्वालामुखी नाही. मग किनोसाकीचं पाणी कशाने तापतं?

काळाकातळ

टॅक्सीच म्हटलं की हो आधी!

गोष्ट बरीचशी तुमच्या उन्हवऱ्यासारखीच. किनोसाकीच्या शेजारीही धुमसता ज्वालामुखी नाही. पाणी खोल भेगांतून खाली जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. उन्हवरे, तुरळ, राजापूरचं उन्हाळे, तिकडे जळगावचं उनपदेव, सगळी त्याच चालीची. जपानी कायद्यानुसार (१९४८ चा आहे) झऱ्याचं पाणी उगमापाशी २५ अंश किंवा त्याहून गरम असलं, किंवा ठरवून दिलेल्या खनिजांपैकी एखादं पुरेसं असलं, तरी ते ओन्सेन. म्हणजे आपली ही सगळी कुंडं जपानात असती तर प्रत्येकाभोवती एक गाव वसलं असतं.

दापोलीकर

आणि आमच्याकडे कुंडाभोवती साबणाची वेष्टणं आणि शांपूच्या पुड्या. असो. विषय निघाला की रक्तदाब वाढतो.

जुनी_वही

किनोसाकीत युकाता घालून रस्त्याने चालत आंघोळीला का जायचं, खोलीतच हौद का नाही, याच्यामागे कोर्टकज्जा आहे. मला हे प्रकरण फार आवडतं.

२३ मे १९२५ रोजी भूकंप झाला आणि पाठोपाठ लागलेल्या आगीत गाव जवळपास सगळं गेलं. आज जी लाकडी दुमजली-तिमजली घरं 'जुनी' म्हणून आपण फोटो काढतो ती त्यानंतरची. गाव उभं राहत असताना, १९२७ मध्ये, एका र्योकानने स्वतःच्या आवारात हौद बांधून पाहुण्यांना तिथेच आंघोळीची सोय दिली. गावाने हरकत घेतली. तोपर्यंत पाणी म्हणजे गावाचं आणि आंघोळ म्हणजे बाहेरची, असा शिरस्ता होता. पाहुणे खोलीतच न्हायला लागले तर रस्त्यावर कोण येणार, दुकानं कशी चालणार? प्रकरण कोर्टात गेलं आणि १९५० पर्यंत रेंगाळलं. समेट असा झाला की र्योकानला हौद ठेवता येईल पण तो लहान, आणि पाण्यावर हक्क गावाचा. आजही झऱ्यांचं पाणी एकत्र करून गावभर वाटलं जातं. त्या भांडणामुळेच रात्री नऊ वाजता रस्त्यावर गेतांचा 'कारान-कोरोन' आवाज ऐकू येतो. (हा त्यांचा शब्द आहे. आपण खटखट म्हणू.)

लेखक शिगा नाओया १९१३ मध्ये इथे राहिले होते. तोक्योत रेल्वेगाडीचा धक्का लागून जखमी झाल्यावर प्रकृती सुधारायला आले. त्यावर त्यांनी 'किनोसाकी नी ते' ही छोटी कथा लिहिली, ती १९१७ मध्ये छापली गेली. एक मेलेली गांधीलमाशी, पाण्यात जिवाच्या आकांताने पोहणारा उंदीर आणि चुकून दगड लागून मेलेला एक सरडावजा पाणप्राणी, एवढ्यावर कथा आहे. आंघोळीचं वर्णन शोधायला गेलात तर निराश व्हाल.

वरणभात_तूप

खाण्याचं कुणी बोलतच नाहीये, म्हणून मी.

मोगरा, 'व्हेज' म्हटलं की ते मांस काढतात आणि मासा ठेवतात. मासा काढा म्हटलं तर तुकडा काढतात आणि दाशी ठेवतात. दाशी म्हणजे वाळवलेल्या बोनिटो माशाचं सार, ते मिसो सूपमध्ये, भाजीत, अंड्यात, भज्यांच्या चटणीवजा रश्शात, सगळीकडे. आमच्या र्योकानला मी दोन ईमेल पाठवले होते, तरी ताटात आलेल्या पाच भाज्यांपैकी चारांना तोच वास. त्यांची चूक म्हणवत नाही, कारण त्यांच्या लेखी ते पाण्यासारखं आहे.

हे वाक्य कागदावर जपानीत लिहून घ्या: "निकु मो साकाना मो कात्सुओ-दाशी मो ताबेरारेमासेन." म्हणजे मांस, मासे आणि बोनिटोची दाशी, काहीच खाऊ शकत नाही. कोंबूची दाशी समुद्री शेवाळाची, ती चालते. तेंपुरा (तिथली भजी) रश्श्याऐवजी मिठाशी मागा. थंड तोफूवर भुरभुरलेले गुलाबी पापुद्रे म्हणजे मासाच, आधीच 'नको' म्हणा. आणि मेतकूट न्या. तिथला भात इतका सुरेख असतो की मेतकूट-भातावर आई दोन दिवस आनंदाने काढतील.

नवरोबांसाठी: मात्सुबा खेकड्याचा हंगाम ६ नोव्हेंबरला सुरू होतो, मार्चमध्ये संपतो. जवळच्या त्सुइयामा बंदरातल्या खेकड्याच्या पायाला निळा बिल्ला असतो. या दिवसांत दरही चढतात, तेव्हा खोली आत्ताच घ्या.

हिशेबी

म्हणजे विमानभाडं, व्हिसा, दोन दिवसांचं र्योकान, एवढं करून आंघोळ करायची आणि घरचा मेतकूट-भात खायचा. छान.

वरणभात_तूप

हो. :)

मोगरा_पुणे

मंडळी, काय काय सांगितलंत! आईला सगळं वाचून दाखवलं. 'पाट आहे, घंगाळ आहे' यावर ती खळखळून हसली आणि म्हणाली, "मग अडलंय कुठं?"

अजून काही शंका. मंगळसूत्र काढायचं का? आईला रक्तदाबाची गोळी चालू आहे. आणि सातही करायलाच हवीत का, की आपल्या अष्टविनायकासारखं काही आहे?

ओसाकाची_सून

किनोसाकीचं पाणी गंधकाचं नाही, खारट आहे. जिभेला लागलं तर कळतं. सोन्याला काही होत नाही, तरी लॉकर असतो तिथे ठेवून द्या. कुसात्सूसारख्या गंधकाच्या, आम्ल पाण्याच्या गावी मात्र चांदीचं काही घालून जाऊ नका, काळं पडतं. खारट पाण्याने अंगावर पातळ थर राहतो आणि बाहेरच्या थंडीतही ऊब टिकते, म्हणून तर लोक पातळ युकात्यावर हिंडतात.

रक्तदाबासाठी डॉक्टरांना विचाराच. माझा अनुभव एवढाच की पाणी ४२ अंशांच्या आसपास असतं, आपल्या आंघोळीपेक्षा कढत वाटतं. आधी पायांवर, मग खांद्यांवर पाणी घ्या, पाच मिनिटांनी बाहेर येऊन बसा, उठताना सावकाश. भरल्या पोटी नको, नवऱ्याला साकेनंतर (तांदळाची दारू) नको.

सातही करायची सक्ती नाही, पण प्रत्येकाची एक आख्यायिका आहे. आईंना कोउनो-यु आवडेल. एक करकोचा जखमी पाय त्या पाण्यात बुडवून बसायचा आणि बरा होऊन उडाला, त्यावरून ते सापडलं म्हणतात. मांदारा-यु सगळ्यांत पवित्र मानतात, दोची शोनिन नावाच्या साधूने हजार दिवस जप केल्यावर इसवी सन ७२० मध्ये झरा फुटला अशी कथा. इचिनो-युमध्ये गुहेतला हौद आहे. त्याचं नाव 'पहिलं', कारण एदो काळातल्या (सतरावं ते एकोणिसावं शतक) एका वैद्याने त्याला 'जगात एक नंबर' म्हटलं होतं. दाराशी पहाटे रांग दिसली तर दचकू नका, उघडल्यावर पहिल्यांदा शिरणाऱ्याला लाकडी बिल्ला मिळतो आणि त्यासाठी म्हातारे कोतारे थंडीत उभे असतात.

प्रत्येकाचा बंद राहायचा वार वेगळा आहे, मधूनच दुरुस्तीही निघते. वेळापत्रक बघूनच गाडी काढा. क्योतोहून किनोसाकी नावाचीच एक्स्प्रेस आहे, अडीच तास. ओसाकाहून कोउनोतोरी. काही गाड्यांना फुकुचियामाला बदल करावा लागतो, समोरच्याच फलाटावर. आणि छत्री! तिकडे म्हण आहे की डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस.

चकलीभाजणी

वाचनखूण साठवली. मोगरा, आल्यावर लिहायला विसरू नका.

मोगरा_पुणे (डिसेंबर)

आलो! लिहायला उशीर झाला, घरी लग्न होतं.

पाऊस होताच, छत्री होतीच. पहिल्या संध्याकाळी आईला घेऊन कोउनो-युला गेले. मी टॉवेल इतका घट्ट धरला होता की आईच म्हणाली, "सोड तो, पडशील." ती स्टुलावर बसली, बादली भरली आणि अशी काही अंग घासायला लागली की मी शेजारी पाहुणी वाटत होते.

बाहेरच्या उघड्या हौदात एक जपानी आजी आईच्या समोर बसली होती. बराच वेळ ती आईच्या हाताकडे बघत होती. मला वाटलं, आता काहीतरी बोलणार, गोंदणावरून. ती सरकत आली आणि बोटाने पाण्यातच तुळशीवृंदावनाची रेघ दाखवून काहीतरी विचारलं. आई म्हणाली, "तुळस." आजी म्हणाली, "तुरुसु." आई म्हणाली, "तु-ळ-स." तीनदा झालं. मग दोघी गप्प बसून राहिल्या, वर झाडांतून पाऊस पडत होता. मी पाच मिनिटांचं घड्याळ विसरले आणि उठताना गरगरलं. मला, आईला नाही.

नवऱ्याने खेकडा खाल्ला, निळ्या बिल्ल्यासकट फोटो काढून. गेन्बुदोलाही गेलो, टॅक्सीने. काळाकातळ, आईने तिथे हात टेकवला आणि "आपल्या घाटातला दगड" म्हणाली. सातपैकी चार स्नानगृहं झाली. दुसऱ्या रात्री बाहेर येऊन बघते तर माझ्या गेता कुणी घालून गेलेलं. उरलेल्या दोन्ही डाव्या पायाच्या निघाल्या असं वाटलं, मग कळलं गेतांना डावं-उजवं नसतंच.

आता एक मदत हवी आहे. आईने तिथून लाकडी बादली आणली, आंघोळीची. पुण्यात आठवड्याभरात ती वाळली, फळ्यांमध्ये फटी पडल्यात आणि खालची तांब्याची पट्टी घसरून हातात आली. फेविकॉल लावू का?

दापोलीकर

अजिबात नको! होडीच्या फळ्यांचंही उन्हाळ्यात असंच होतं. पट्टी जागेवर सरकवून बादली पाण्यात बुडवून ठेवा, एक रात्र पुरेल. लाकूड फुगलं की फटी मिटतात. मग रोज वापरा आणि उन्हात ठेवू नका.

मोगरा_पुणे

ठेवली. आई तिच्याजवळ पाट घेऊन बसलीय.